आईसाठी राखलेली पुढची सीट

आमच्या दांडी गावातल्या घराला लागून एक अमेरिकन गाडी उभी आहे. लांबलचक, फिकट हिरवी, पुढची सीट अख्खी बाकासारखी. तिच्यापायी मी नवऱ्याशी किती भांडले, गणती नाही. आमचे हे बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. घरातला नळ गळत असला तरी ह्यांना दिसायचा नाही, पण त्या गाडीचा एक बोल्ट सैल झाला की झोप उडायची.

गाडी मूळची पालघरच्या एका शेठची. माझी आई दातिवऱ्याची, त्या बाजूला बंगल्यांवर मासळी विकायची. एकदा उन्हात दमून ती शेठच्या अंगणात ह्या गाडीच्या सावलीला टेकली, तर आतून ओरडा आला, टोपली लांब ठेव, गाडीला वास लागेल. आई हे हसत सांगायची, पण सांगताना पदराला हात पुसत राहायची. पुढे शेठची मुलं परदेशी गेली, गाडी चिंचेखाली सडत पडली आणि ह्यांनी ती भंगारातून उचलून आणली. आईला कळलं तेव्हा एवढंच म्हणाली, "जावयबापू, एकदा मना पुढं बसवा. टोपली मांडीवर घेऊन बसन."

झालं, ह्यांनी चंगच बांधला. माझ्या परातीत कार्ब्युरेटर धुतला. मिळाले नाहीत ते भाग बोईसरला लेथवर करून घेतले. खालून गंज चढू नये म्हणून होडीला लावतात ते मासळीचं तेल फासलं, तर अख्ख्या आळीला वास. मी फोनवर आईला म्हटलं, आता तुझ्या टोपलीला नाक मुरडायची कुणाची टाप आहे? ती खोकला येईपर्यंत हसली.

इंजिन सुरू झालं तोवर पावसाळा तोंडावर आलेला. रस्ते धड झाले की नारळी पौर्णिमेनंतर आईला आणायचं ठरलं. तोवर ह्यांनी गाडी होडीसारखीच झाकली. वर नारळाच्या झावळ्यांचे झाप, त्यावर ताडपत्री, खालपर्यंत दोरीने घट्ट आवळलेली, कुठून वारा शिरायला नको. इथे प्रत्येकाचा हात तसाच चालतो, आणि होडीच्या लाकडाला ते मानवतंही. पण पत्र्याला आतल्या आत घाम फुटला. पौर्णिमा झाल्यावर ताडपत्री सोडली, हे आत चढले आणि पाय थेट जमिनीला लागला. गालिच्याखालचा तळ पुरा कुजला होता. माणूस तिथेच गाडीच्या दारात बसून राहिला. मी ह्यांना रडताना पहिल्यांदाच पाहत होते.

आईने तेव्हा अंथरूण धरलं होतं. भाऊ फोनवर सांगायचा, जेवण तुटलंय, पण गाडीचं विचारते. मी ह्यांना म्हटलं, फळी टाका आणि चला.

"आयचा पाय खाली गेला तर? एकदा बसनार ती. नीट बसू दे."

"ती राहिली तर बसेल ना."

ह्यांनी ऐकलं नाही. सरावलीच्या एका वेल्डरला गाठून नवा पत्रा बसवायला घेतला. वेल्डर कंपनीतून सुटला की यायचा, म्हणून काम रेंगाळलं. मला इतका राग यायचा की मी ह्यांना चहासुद्धा विचारत नव्हते. शेवटी तळ झाला, रंग दिला. रंग बोटाला लागत होता, तेवढ्यात भावाचा फोन आला. आई गेली होती.

आम्ही त्याच गाडीतून निघालो. पुढची जागा ह्यांनी रिकामी ठेवली, मी मागे बसले. बोईसर गेलं, पालघर गेलं. मला ओरडावंसं वाटत होतं, पण स्टिअरिंगवरच्या ह्यांच्या हातांना अजून तो ओला रंग लागलेला होता. दातिवऱ्याला पोचल्यावर हे आईच्या पाया पडले. मग भिंतीवरची तिची टोपली काढून त्यांनी पुढच्या सीटवर ठेवली.

आईला रीतीप्रमाणे खांद्यावरून नेलं. हे गाडी घेऊन मागून निघाले, अगदी माणसांच्या चालीने. मी दारात उभी होते. चार पावलांवरच शेजारचे एक म्हातारे दमले, पुढचं दार उघडायला गेले. ह्यांनी त्यांना हात धरून मागे बसवलं आणि म्हणाले, "तिथं नको, काका. तिथं आय बसलीय."