हौदावरची केबिन

बाबांच्या कंपनीत व्हीआरएस घेणाऱ्याला निरोपाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळायचं. बाबांनाही मिळालं. बाकीचे लोक घड्याळ काखोटीला मारून घरी गेले आणि दुसऱ्या दिवसापासून बायकोच्या स्वयंपाकात चुका काढू लागले. बाबांनी तसं काही केलं नाही. निरोपानंतर चौथ्या दिवशी ते सकाळीच कुठेतरी गेले आणि दुपारी एका टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसून परत आले. टेम्पोत मागे त्यांच्या साहेबांची केबिन होती.

साहेब नव्हते, नुसती केबिन. लाकडी पार्टिशनं, त्यात वरच्या अर्ध्या भागाला दुधी काचा, ढकलायचं दार, टेबल, फिरती खुर्ची आणि समोर ठेवायची साधी खुर्ची. झालं होतं असं की, कंपनीत कुणी सल्लागार आले होते. सगळ्यांनी एकाच मोकळ्या हॉलमध्ये बसलं की कामाला वेग येतो, असं त्यांचं म्हणणं पडलं. त्यामुळे केबिनी भंगारात निघाल्या. भंगारवाल्याचा टेम्पो फाटकाबाहेर पडला तर समोर आमचे बाबा हात आडवा करून उभे.

"ही ठेवायची कुठे?" आईने विचारलं. "माझ्या डोक्यावर आहे थोडी जागा."

"मागे स्लॅब आहे ना," बाबा म्हणाले.

विश्रांतवाडीत आमचं तीन खोल्यांचं घर. मागच्या बाजूला जमिनीत पाण्याचा हौद आणि त्यावर काँक्रीटचा स्लॅब. त्या स्लॅबवर आई कुरडया घालायची, कपडे वाळवायची, आणि मी इंजिनिअरिंगची चार वर्षं तिथेच फेऱ्या मारत पाठांतर केलं होतं. स्लॅबच्या मध्यापासून जरा एका बाजूला लोखंडी झाकण होतं. एरवी मोटर लावून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायचो. पण वीज गेली, किंवा मोटरची मर्जी फिरली, की झाकण उघडून बादलीने पाणी काढायचं. मोटरची मर्जी वरचेवर फिरायची.

आता ही केबिन बाबांना का हवी होती, ते सांगते. बाबा नोकरीची सगळी वर्षं त्या केबिनच्या बाहेरच्या टेबलावर बसले. बढती मिळाली असती तर त्यांनाही तसलीच एक मिळाली असती. तीनदा त्यांना आत बोलावलं गेलं. तिन्ही वेळा आईने पांढऱ्या शर्टाला कडक इस्त्री करून दिली, आणि तिन्ही वेळा नकाराची कारणं निराळी निघाली. एकदा म्हणे सेवाज्येष्ठता कमी पडली. पुढच्या खेपेला सेवाज्येष्ठता होती, तर इंग्रजी कमी पडलं. तिसऱ्या वेळी साहेब नुसतंच "बघू" म्हणाले. खरं कारण आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ते कुणी बोलून दाखवत नसे. संध्याकाळी आई एकच विचारायची.

"बसा म्हणाले का?"

"नाही. उभाच होतो."

"मग झालं," असं म्हणून आई भाकरी थापायला लागायची. ज्याला काही द्यायचं असतं त्याला माणूस आधी बसवतो, असा तिचा हिशेब होता, आणि तो एकदाही चुकला नाही.

केबिन उभी करायला लोहगावच्या बाजूचा एक वेल्डर आला. बाबांनी आलेखाच्या कागदावर नकाशा काढून ठेवला होता. दार पूर्वेला, टेबल दारासमोर, काच डाव्या हाताला. म्हणजे कंपनीत होतं अगदी तसं. केबिन स्लॅबवर बेतून शिवल्यासारखी बसली. फक्त हौदाचं झाकण नेमकं साहेबांच्या फिरत्या खुर्चीखाली आलं.

"टेबल थोडं सरकवा की," मी म्हटलं. आईनेही म्हटलं. बाबांनी आम्हा दोघींकडे असं पाहिलं, की आम्हाला कामातलं काही कळत नाही हे आम्हालाच पटावं.

"होती तशीच राहील," ते म्हणाले.

वेल्डरने स्लॅबवर पाय आपटून पाहिला. "साहेब, खाली पानी हाय. आजवर लई शेड मारल्या, पन पान्यावर हापिस पयल्यांदाच बगतोय."

तो आईलाही ताई म्हणायच्या ऐवजी चुकून दोनदा साहेब म्हणाला होता. पण बाबांनी आपल्याला मिळालेलं 'साहेब' मनावर घेतलं आणि त्याला त्या दिवशी चार वेळा चहा पाजला.

उद्घाटनाला त्रिशरण-पंचशील झालं, शेजाऱ्यांना खीर वाटली. शेजारचे काका दुधी काचेवर टकटक करून म्हणाले, "आत येऊ का साहेब?" सगळे हसले. बाबा खुर्चीत नुकतेच टेकले होते. ते ताडकन उठून उभे राहिले. आम्हाला वाटलं, काकांचा मान राखला.

दुसऱ्याच दिवशी मोटर बिघडली आणि केबिनमधली वर्दळ सुरू झाली. आई बादलीनेच दार ढकलायची. "उठा, भांडी खोळंबलीत." बाबा उठायचे, खुर्ची बाजूला व्हायची, झाकण उघडायचं, पाणी निघायचं, झाकण लागायचं. मग मी जायचे आंघोळीच्या पाण्याला. जन्मात पहिल्यांदा माणसाला केबिन मिळाली आणि त्याच्या खुर्चीखालून घरादाराची धुणीभांडी चालली होती. मला हसू आवरत नसे, आणि हसल्याबद्दल स्वतःचा रागही यायचा.

मी तेव्हा नुकतीच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागले होते. घरच्यांना ऑफिस दाखवायच्या दिवशी बाबा आले. काचेची इमारत, गार हवा, फुकट कॉफी, सगळं त्यांनी पाहून घेतलं.

"तुझी केबिन कुठली?"

"कुणालाच नाही बाबा. आमचे मॅनेजर ते बघा, माझ्याच रांगेत. जीन्समधले."

बाबांनी त्या मोकळ्या हॉलवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. मग हळूच म्हणाले, "मग तुम्हाला नाही म्हणायला कुठे नेतात?"

मी काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून नेली. पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

पुढे मोटर दुरुस्त झाली, वर्दळ थांबली. आता बाबा मजेत बसतील असं मला वाटलं होतं. पण स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहावं, तर दुधी काचेवर त्यांची सावली उभी. पेपर वाचायचा तोही उभ्यानेच, आणि टेबलाच्या अलीकडच्या, दाराकडच्या बाजूला. मी विचारलं, तर म्हणाले, "झाकणासाठी सारखं उठावं लागतं. त्यापेक्षा उभं बरं." आठवडाभर कुणी झाकणाला हात लावला नव्हता. आईने माझ्याकडे पाहिलं. मला एकदम कळलं, आणि फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत त्या केबिनमध्ये ते फक्त उभेच राहिले होते. तिथे बसायचं कसं, हे त्यांना येतच नव्हतं.

एका रविवारी सकाळी वीज गेली. आई बादली घेऊन निघाली, मी तिच्या मागे. दारापाशी ती थांबली. त्या दिवशी पहिल्यांदाच तिने काचेवर टकटक केली.

"आत येऊ का?"

बाबा उभेच होते. आईने बादली खाली ठेवली, टेबलाला वळसा घातला आणि साहेबांच्या फिरत्या खुर्चीत जाऊन बसली. पदर सारखा केला. मी दार धरून उंबऱ्यातच राहिले.

"बसा," आई म्हणाली.

"अगं, पाणी काढायचंय ना तुला..."

"पाणी कुठे पळून जात नाही. अहो, बसा म्हणते ना."

बाबा समोरच्या साध्या खुर्चीवर बसले. आधी टोकावर, हात गुडघ्यांवर ठेवून. मग थोड्या वेळाने त्यांची पाठ खुर्चीला टेकली.

"हं. काय काम काढलंत?"

बाबा हसतील असं मला वाटलं. ते हसले नाहीत. त्यांनी टेबलाकडे पाहिलं, काचेकडे पाहिलं, घसा खाकरला.

"टेबल जरा काचेकडे सरकवावं म्हणतो. झाकण मोकळं होईल."

"मंजूर," आई म्हणाली.

आम्ही तिघांनी मिळून ते टेबल ओढलं. ते बरंच जड निघालं. मग आईने झाकण उघडलं, बादली भरली आणि भांडी खोळंबलीत म्हणत निघून गेली.

त्या दिवसापासून बाबा केबिनमध्ये बसू लागले. कुणी आलं की उठतात मात्र अजूनही. पुढे होऊन साधी खुर्ची ओढून देतात, "बसा" म्हणतात, आणि समोरचा माणूस नीट टेकेपर्यंत स्वतः बसत नाहीत.