पॅरिसच्या दुकानांत नणंदेचे दात

खाण्याची वस्तू चांगली की वाईट, हे ठरवायचं काम देवानं आपल्याकडेच सोपवलं आहे, अशी माझ्या नणंदेची पक्की समजूत आहे. महागावच्या बाजारात सोयाबीन न्यायच्या आधी ती दाणा दाताखाली फोडते आणि नुसत्या आवाजावरून ओल सांगते. त्याच दातांनी तिनं लग्नाच्या पंगतीतले लाडू नापास केले आहेत, तेही नवरीच्या आईसमोर. माझ्या पुरणाला ती 'बरं' म्हणते. याहून जास्त कौतुक कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही, तिच्या पोरीच्याही नाही.

ती पोरगी पॅरिसला जाऊन मॅकरॉन करायला शिकली. बदामाच्या पिठाच्या दोन फुगीर टिकल्या, मधे मलई, आकार पेढ्याएवढा. तिथंच एका दुकानात कामाला लागली आणि आता कायमची राहते म्हणाली. नणंद पेटली. "एवढ्याशा बिस्किटासाठी घर सोडते काय? मी येऊन चाखतो!" पोरगीही तिचीच. "ये, चाख. माझा नापास केला तर त्याच विमानानं वापस येतो," म्हणाली. "वहिनी, चाल!" नणंदेनं फर्मान सोडलं. तिकीट भाची काढणार होती, मी नाही कशाला म्हणू?

आणि पॅरिसमध्ये आम्ही जे धावलो! पोरगी पुढे, नणंद तिच्या मागे, मी डबे सांभाळत शेवटी. एकाहून एक भारी दुकानं, सोनाराकडे मांडावी तशी मिठाई मांडलेली! पहिल्याच दुकानात नणंदेनं काचेवरून हात घालून एक मॅकरॉन उचलला आणि तोंडात टाकला. विकणारी बाई किंचाळली.

"ओरडते कायले?" नणंद म्हणाली. "वानगी पाह्यल्याशिवाय माल कोणी घेते काय?"

पोरीनं माफी मागून अख्खा डबा घेतला. मग तोच क्रम लागला. डबा घ्यायचा, रस्त्यावरच्या बाकावर बसायचं, डोळे मिटून चावायचं आणि निकाल. गुलाबाचा? "अत्तर पिल्यावानी लागते." पिस्त्याचा? "वरून कडक, आत गिच्च." चॉकलेटचा? "साखर बदामाले बोलूच देत नाही." मला तर सगळेच आवडत होते. तसं म्हटलं, तर "वहिनी, तू बोलू नको, तुले जीभच नाही!" प्रत्येक नापासाबरोबर नणंद खुलत होती आणि पुढे धावणारी पोरगी आता माझ्याही मागे पडत होती.

शेवटी पोरीचं दुकान आलं. ती आत गेली आणि बशीत एकच लिंबाचा मॅकरॉन घेऊन आली. "हा मी केला."

नणंदेनं चावला. थांबली. उरलेला अर्धा फार हळू खाल्ला. 'नापास' एवढंच म्हणायचं होतं, पोरगी आमच्यासोबत घरी आली असती. मी मनात म्हटलं, बोल की खोटं, एकदा तरी. पण त्या जिभेला खोटं जमतच नाही. बोटाला लागलेली मलई चाटून ती पोरीवर खेकसली, "इतका चांगला काहून केला व?"

पोरगी रडायला लागली. दोघीही एकमेकींकडे पाहीनात, म्हणून मीच रिकामी बशी आत नेऊन दिली.

आता पोरगी मोबाइलवर नवा मॅकरॉन दाखवते आणि विचारते, "माय, कसा झाला?" जगातल्या प्रत्येक घासावर मत असलेली माझी नणंद मोबाइलच्या काचेवर बोट टेकवून पाहते.

"इथून काय सांगू?" म्हणते, आणि फोन माझ्या हातात देते.