तुमच्यातलं मोठं कोण?

मानसशास्त्रज्ञांच्या या ऑनलाइन कम्युनिटीतल्या मित्रांनो, आज फार हताश होऊन लिहितेय.

दुपारी नाशिकमधले आम्ही नऊ मानसशास्त्रज्ञ माझ्या क्लिनिकमध्ये जमलो होतो. सरकारी दवाखान्यांत समुपदेशक नेमा, अशी मागणी करायची तर संघटना हवी आणि संघटनेला अध्यक्ष हवा. सगळ्यांत ज्येष्ठ मॅडम म्हणाल्या, "मला नका अडकवू, मी मुलाकडे पुण्याला चाललेय." बाकीच्यांनी माना खाली घातल्या. मीसुद्धा.

तेवढ्यात पेठ तालुक्यातल्या एक मावशी मुलीला घेऊन दारात आल्या. महिन्यापूर्वी मुलीनं विषारी औषध घेतलं होतं. डॉक्टरांनी जीव वाचवला, पण तेव्हापासून ती बोलतच नव्हती.

"तुमच्यातलं मोठं कोण हाय? त्यांनाच दाखवायचंय," मावशी म्हणाल्या.

क्लिनिक माझं, म्हणून शेवटी मीच मुलीला आतल्या खोलीत नेलं. तासाभरानं ती एवढंच म्हणाली, "परत येऊ का?"

मी हो म्हणाले. पण सातपूरच्या एका कंपनीनं मला एचआरमध्ये घेतलंय आणि एक तारखेला मी क्लिनिक बंद करतेय, हे तिला सांगायचं धाडस झालं नाही.

आपण सगळेच निघालो, तर हिनं कुणाकडे यायचं?