प्रभाकर सरांचा आवाज

प्रभाकर सर दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले, त्यांचा आवाज मात्र अजून सेवेत आहे.

यात त्यांचा दोष नाही. नारपोलीतल्या ज्या शाळेत सरांनी एकतीस वर्षं गणित शिकवलं, तिची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच. पलीकडे चोवीस लूम खटाखट चालायचे, अलीकडे सर अपूर्णांक शिकवायचे. मुलांना अंश-छेद कळायचे असतील तर लूमच्या वर आवाज काढणं भाग होतं, आणि सरांनी तो काढला. शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी. त्या दिवशी शेजारच्या वर्गातल्या बाई आपला इतिहास बाजूला ठेवून मुलांना सरांचंच गणित उतरवून घ्यायला सांगायच्या. दुसरं काही ऐकू जाणं शक्यच नसायचं.

शाळेपुरतं हे ठीक होतं. पण सर डबा आणि छत्रीबरोबर आवाजही घरी आणायचे. धामणकर नाक्यामागच्या त्या इमारतीत त्यांनी जेवताना मीठ मागितलं की खालच्या मजल्यावरच्या काकू वाटीत मीठ घेऊन वर यायच्या. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात माधवीताईंनी नवरा तापट आहे असं ठरवून टाकलं होतं. पुढच्या आठवड्यात त्याने न सांगता दोघांचा चहा केला, तेव्हा त्यांनी ते मत बदललं.

त्यांच्या मुलीला, सईला, जास्त वेळ लागला. आठवीत असताना तिने एकदा धीर करून विचारलं, "बाबा, तुम्ही माझ्यावर सारखे का ओरडता?"

"मी कुठे ओरडतोय?" सरांनी विचारलं, आणि गॅलरीतली कबुतरं उडून गेली.

हेच सर पालकसभेत आयांना गदागदा हलवणाऱ्या आवाजात सांगत, की मुलांशी नेहमी हळू बोलावं. मुलगी आपल्याला वचकून असते ती आपल्या शिस्तीमुळे, असा त्यांचा बरीच वर्षं समज होता. त्याचा त्यांना जरा अभिमानही होता.

तो अभिमान उतरवला एका चिमुरडीने. सई नाशिकहून बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. बारशाला आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं. मागे बसलेल्या पाहुण्यांना ते ऐकू आलं नाही, म्हणून सरांनी मदत केली. "तनया," ते म्हणाले. पाहुण्यांना कळलं, नाक्यावरच्या शेअर रिक्षावाल्यांना कळलं, आणि तनयाने जो टाहो फोडला तो पेढे संपले तरी थांबेना. तेव्हापासून आजोबा नुसते दारात दिसले तरी तिचा ओठ वाकडा व्हायचा.

सरांना ते फार लागलं. हजारो पोरं हाताखालून गेली, पण असं तोंडावर कुणी नापास केलं नव्हतं. नातीला मांडीवर घ्यायचं ते ती झोपल्यावरच, तेही माधवीताईंच्या देखरेखीखाली आणि तोंड मिटून. रविवारी जावई तिला न्यायला येणार होता. त्याआधी एकदा, फक्त एकदा, ती जागी असताना आपल्या मांडीवर न रडता बसावी, एवढीच सरांची इच्छा होती.

म्हणून त्यांनी हळू बोलायचा सराव सुरू केला. आरशासमोर उभे राहून ते कुजबुजायचे, पण नुसती हवाच बाहेर यायची. शेवटी त्यांनी बोलणंच सोडलं. गणेशपुरीकडून भाजी घेऊन येणाऱ्या राहीबाईंनी टोपली उतरवता उतरवता माधवीताईंना विचारलं, "मास्तरांना बरं न्हाय काय? चार दिस आवाज न्हाय आला."

गुरुवारी तनयाला लस टोचायची होती. दवाखाना नारपोलीतच. परतताना रिक्षात बसल्यावर सईला आठवलं की फाइल डॉक्टरांच्या टेबलावरच राहिली. झोपलेल्या तनयाला तिने सरांच्या मांडीवर दिलं आणि ती परत गेली. रिक्षा नेमकी शाळेच्या मागच्या गल्लीत उभी होती. लूम जोरात चालू होते.

"चाचा, गाडी आगे लूँ क्या?" रिक्षावाल्याने विचारलं.

सर कुजबुजले.

"क्या? जोर से बोलो चाचा, कुछ सुनाई नहीं दे रहा।"

आयुष्यात सरांना हे कुणीच सांगितलं नव्हतं. "रुको, बेटी आ रही है," ते आपल्या खऱ्या आवाजात म्हणाले, आणि लगेच त्यांनी जीभ चावली. घाबरत खाली पाहिलं. तनया जागी होती. ती रडत नव्हती. आजोबांचे ओठ कसे हलतात ते ती टक लावून बघत होती. त्या खटखटीत त्यांचा आवाज चारचौघांसारखाच होता.

"ही माझी शाळा," सर तिला म्हणाले. "ती कोपऱ्यातली खिडकी दिसते ना, ती सातवी ब. फार द्वाड पोरं." तनया हसली.

सई फाइल घेऊन आली ती रिक्षाशेजारीच थबकली. बाबांचा इतका साधा, मऊ आवाज तिने कधी ऐकला नव्हता. एकतीस वर्षं वर्गातल्या पोरांना हेच बाबा मिळत होते. आठवीतला आपला प्रश्न तिला आठवला आणि तिला वाईट वाटलं. पण ती एवढंच म्हणाली, "फाइल मिळाली."

घरी आल्यावर सरांनी खुशीत चहा मागितला आणि तनयाने घर डोक्यावर घेतलं. सरांनी पुन्हा तोंड मिटलं ते रविवारपर्यंत.

रविवारी जावई, सुयश, गाडी घेऊन आला. सामान भरून झाल्यावर सई म्हणाली, "बाबा, तुम्हीही बसा. आपण नारपोलीवरून जाऊ."

"नाशिकला जायला नारपोली कशाला? उलटा वळसा पडेल," सुयश म्हणाला.

"पडू दे."

शाळेमागच्या गल्लीत तिने गाडी थांबवायला लावली, काचा खाली केल्या आणि तनयाला सरांच्या मांडीवर दिलं. खटखट आत शिरली. "बाबा," ती ओरडून म्हणाली, "आता बोला."

अपूर्णांकांवर न थांबता पाऊण तास बोलणाऱ्या सरांना काही सुचेना. मग त्यांनी जे येत होतं तेच सुरू केलं. बे एके बे. बे दुणे चार. तनया डोळे मोठे करून ऐकत राहिली. बे दाहे वीस झाले तसा सुयशने घड्याळाकडे पाहून किल्लीला हात घातला.

"थांब," सई म्हणाली. "अजून तीनचा राहिलाय."