बाप्टिस्टचा हात

गेल्या वर्षी राज्याच्या सभेला मी मेलेल्या माणसाची तलवार कमरेला लावून गेलो. मुद्दाम नव्हे, घाईत. आमच्या बर्फाळ डोंगरातल्या छोट्या राज्यात कायदा हवा की नको ते लोकच ठरवतात. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी सगळ्यांनी चौकात गोल करून उभं राहायचं आणि हात वर करायचा. पुरुषांनी येताना घराण्याची तलवार लावून यायचं. तलवार दिसली की कुणी ओळख विचारत नाही. वरच्या वाडीतले आम्ही त्या सकाळी सेन्झीमावशीच्या खानावळीत सूप पितो आणि तलवारी दाराजवळच्या खुंट्यांवर टांगतो. खाली जायची बस हॉर्न देऊ लागली, सगळे उठले, आणि मी शेवटच्या खुंटीवरची उचलली. त्या खुंटीला हात लावायचा नसतो, हे वाडीतल्या शेळ्यांनाही ठाऊक आहे. मी पडलो खालच्या गावच्या शाळेत शिकलेला.

ती तलवार मावशीच्या नवऱ्याची, बाप्टिस्टची.

मावशीचा जन्म वाडीतला आणि लग्न शेजारच्या घरात. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक शेणाचा ढीग, एवढाच तिचा प्रवास. खायला काय आहे असं कुणी विचारलं, तर म्हणायची, "जे शिजलंय ते." बाप्टिस्ट अबोल. त्यांच्या तरुणपणी बायकांना सभेत मताचा हक्क द्यावा का, असा प्रश्न आला, तेव्हा ह्यानं नकोच्या बाजूनं हात वर केला. मावशीनं त्याला महिनाभर थंड सूप वाढलं. पुढे कोर्टानं बायकांना आत घ्यायला लावलं. तेव्हापासून ती दर वर्षी त्याच्या शेजारी उभी राहून बरोबर त्याच्या उलट हात वर करायची, मग प्रश्न कुत्र्यांवरच्या कराचा का असेना.

मग एका फेब्रुवारीत गोठ्याकडे जाताना हिमलोटानं त्याला नेलं. बर्फ वितळायला लागल्यावर आधी दिसला तो उजवा हात, सरळ वर. वाडीतल्या अल्फॉन्सला दिसला. तो अजून त्या उतारावरून गाई नेत नाही. मावशी तेव्हापासून सभेच्या आदल्या दिवशी ती तलवार तेल लावून पुसते आणि परत खुंटीला अडकवते.

गेल्या वर्षी सभेपुढे जो कायदा होता, त्यात हिमलोटाच्या उतारावर हिवाळ्यात कुणी राहायचं नाही असं होतं. तो झाला की वरची वाडी रिकामी, खानावळीला कुलूप आणि मावशी खाली. सूप वाढता वाढता तिनं सगळ्यांकडून शब्द घेतला. मला म्हणाली, "रेमिगी, नकोच्या वेळी हात वर कर. उगाच विचार करत बसू नकोस, तुला ते झेपत नाही."

चौकात आभाळ खाली उतरलं होतं. वारा नव्हता. सगळ्यांनी तीन बोटं वर करून शपथ घेतली. हजारो माणसं एकदम पुटपुटतात तेव्हा तो आवाज तोंडातून येत नाही, फरशीखालून येतो. माझ्या मांडीला काहीतरी गार लागत होतं. खाली बघितलं तर मूठ काळी, तेलानं चकचकीत. तेव्हा कळलं मी काय लावून आलोय. गोलातून बाहेर पडायला वाट नव्हती.

आमच्याकडे कुणीही चौथऱ्यावर चढून बोलू शकतं. मावशी चढली. भाषण वगैरे नाही. म्हणाली, "माझा माणूस तिथं गेलाय. त्याला एकट्याला वर ठेवून मला खाली बोलावता?" आणि उतरली. लोक हेलावले होते. मला वाटलं, जिंकली.

सभेच्या प्रमुखानं विचारलं, कायदा हवा असेल त्यांनी हात वर करा.

माझा हात वर गेला. मी नेला नव्हता. आधी वाटलं शेजारच्यानं ढकलला असेल. डाव्या हातानं मनगट धरून खाली ओढलं, तर ते गोठलेल्या जमिनीत ठोकलेल्या मेखेसारखं. सभेत हात मोजत नाहीत, वरून नजरेनं अंदाज घेतात. प्रमुखाला अंदाज येईना. त्यानं पुन्हा विचारलं. हात वरच होता. शेजारी उभ्या अल्फॉन्सनं आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग तलवारीच्या मुठीकडे. त्यानं हळूच आपला हात वर केला. मग त्याच्यामागच्यानं. वाडीतले सगळे, एकेक करून, माझ्याकडे न बघता. या वेळी प्रमुखाला फार वेळ लागला नाही.

कायदा झाल्यावर हात आपोआप खाली आला. बाहीतून पाणी गळत होतं, बर्फाचं.

संध्याकाळी मी तलवार खुंटीला लावायला गेलो. मावशी एकटीच भट्टीजवळच्या बाकावर बसली होती. तिला सगळं दिसलं होतं.

"हात तुझा होता का?"

"माहीत नाही, मावशी."

तिनं तलवार माझ्या हातातून घेऊन खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "जिवंतपणी एकदा माझ्याविरुद्ध हात वर केला होता, तर महिनाभर थंड सूप प्यायला लावलं. आता काय करू याचं?" थोड्या वेळानं पुन्हा, हळू आवाजात, "नीट सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं. ठाऊक आहे मेल्याला."

त्यानंतर ती कुणाशी भांडली नाही. गुरं विकून शरदात खाली आली, बेकरीच्या वरच्या खोलीत. खिडकीतून भिंत दिसते म्हणून बेकरीवाल्याला रोज टोमणे मारते, म्हणजे तब्येत बरी आहे. सामान आम्ही सगळ्यांनी मिळून आणलं. फक्त भट्टीजवळचा बाक राहिला. तो मी आणून देतो म्हटलं.

पहिलं बर्फ पडायच्या आत गेलोही होतो. घर कित्येक दिवस बंद, भट्टी विझलेली, राखही गार. बाक उचलायला हात घातला. सगळा बाक थंड, आणि मधोमध एका माणसाच्या बुडाएवढी जागा ऊन. मी हात काढून घेतला, सवयीनं "बसा, बसा" म्हटलं आणि दार ओढून घेतलं.

मावशी दर रविवारी चर्चबाहेर विचारते, बाक कधी आणतोस. मी सांगतो, वाट निसरडी आहे.

आता जुलै चालू आहे, वाटेवर बर्फाचा कणही नाही.