देवीवाला आणि गोजराबाईची गल्ली

वाशीमला पद्मतीर्थाच्या तळ्याकडे उतरणाऱ्या आमच्या गल्लीत कोणाच्या चुलीवर काय शिजतंय, हे त्या घरच्या सुनेच्या आधी गोजराबाईला कळायचं. तिचा ओटा गल्लीच्या वळणावर होता आणि तिची मान दोन्ही बाजूंना सारखीच वळायची. जाणाऱ्याला ती "कुठं?" विचारायची, येणाऱ्याला "कुठून?" आणि नुसत्या उभ्या असलेल्याला "काहून?" नवरा लवकर गेला होता, पोरं शेतात राबत होती, गुडघे दुखत होते. मग माणसानं डोळ्यांना काम द्यायचं नाही तर कशाला द्यायचं? गल्लीतल्या सुना तिला पाठीमागं पुष्कळ काही म्हणत. तेही तिला माहीत होतं.

ही गोष्ट सदतीस-अडतीस सालची. कापसाची वेचणी जोरात होती. सकाळी बैलबंड्या जुंपल्या की गल्लीतली धडधाकट माणसं शेतात जायची ती दिवेलागणीला परत यायची. त्या हंगामात गावात दिवसाढवळ्या घरं फुटू लागली. पुरुषांनी ताबडतोब चोर-बंदोबस्त मंडळ काढलं. बबनराव अध्यक्ष झाले, कारण बिगुल त्यांच्याकडं होता. मंडळ रोज रात्री कंदील घेऊन, बिगुल वाजवत, अख्खं गाव जागं करत फिरे. चोर बिचारे रात्री झोपत आणि दिवसा कामाला येत.

मग बाजारापलीकडच्या पेठेत एक म्हातारी भरदुपारी मारली गेली. तोंडावर उशी दाबून चोरांनी तिच्या कानातलं सोनं ओढून काढलं होतं. त्या दिवसापासून चेष्टा थांबली.

आमच्या गल्लीत दिवसा उरायच्या त्या अंगावर पाजणाऱ्या बाया, म्हाताऱ्या आणि गोजराबाई. त्यांनी आपला पहारा सुरू केला. ज्या घरासमोर अनोळखी माणूस दिसेल तिथल्या बाईनं पितळी थाळी वाजवायची आणि बाकीच्यांनी हाताला येईल ते घेऊन धावायचं, इतका साधा कायदा. अध्यक्ष कोणी नव्हतं. त्यामुळं पहारा चालला.

चालला म्हणजे, शेजारच्या चतुराबाईच्या जावयापर्यंत चालला. जावई जऊळक्याहून आगगाडीनं आला, बायकोला न्यायला, न कळवता, आणि दार लावलेलं पाहून भिंतीवरून आत डोकावला. गोजराबाईनं थाळी बडवली. सासूसकट सगळ्या गल्लीनं जावयाचं स्वागत झाडू आणि फुंकणीनं केलं. तो जेवायला थांबला नाही. परतीची गाडी त्यानं धावतच गाठली आणि चतुराबाईची लेक त्यानंतर कितीतरी दिवस माहेरीच राहिली. चतुराबाई स्वतः गोजराबाईच्या ओट्यावर चढली, थाळी उचलून घेऊन गेली आणि सगळ्यांदेखत बजावून गेली, की यापुढं गोजरा बोंबलली तर कोणी दारातून पाय बाहेर काढायचा नाही.

गोजराबाई तशीच ओट्यावर बसत राहिली. समोरच्या घरात इंद्रभानची आई प्रयागबाई खाटेवर पडून होती. मांडीचं हाड मोडल्यापासून तिला उठता येत नव्हतं. पोरगा आणि सून शेतात. सत्तरी उलटलेली ही बुढी गळ्यात एकदाणी आणि कानांत बुगड्या घालून एकटी पडलेली असायची, आणि काढून ठेव म्हटलं की भिंतीकडं तोंड फिरवायची. पेठेतल्या त्या खुनानंतर गोजराबाईची नजर त्या दारावरून फारशी हटत नसे.

एका दुपारी गल्लीच्या तोंडाशी खाकी कोट दिसला. खांद्याला पेटी, मागं छत्री धरलेला दुसरा माणूस. कोणीतरी घरात ओरडलं, "देवीवाला आला!"

त्या काळी आमच्याकडच्या बाया चोराला भीत नव्हत्या, वाघाला थोड्या भीत होत्या आणि लेकरांना देवी टोचणाऱ्या सरकारी माणसाला फार भीत होत्या. तो दंडावर टोचून जाई, लेकरू तापानं फणफणे आणि आई रात्रभर त्याच्या नावानं बोटं मोडे. म्हणून देवीवाल्याची चाहूल लागली की आया लेकरं छातीशी धरून मागच्या खोलीत, कणगीच्या आड, माळ्यावर दडून बसत. आत्ताही तेच झालं. धडाधड दारं लागली, कड्या पडल्या. आमचा शूर पहारा मिनिटभरात नाहीसा झाला. गल्लीत उरली एकटी गोजराबाई. तिचं टोचून घेण्याजोगं वय राहिलं नव्हतं.

खाकी कोटवाला चालत आला. गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या रामीबाईचं तान्हं बंद दारामागं टाहो फोडत होतं. खरा देवीवाला असता तर त्याचे कान तिथंच टवकारले असते. याची मानही वळली नाही. तो सरळ प्रयागबाईच्या दाराशी थांबला. छत्रीवाल्यानं छत्री मिटली आणि दाराला पाठ लावून गल्ली न्याहाळू लागला.

"कोनाकडं जाता जी?" गोजराबाईनं विचारलं.

"देवी काढाले," कोटवाला म्हणाला. "या घरात तान्हं लेकरू हाय, तशी खबर हाय."

त्या घरातलं सगळ्यात तान्हं माणूस म्हणजे इंद्रभानची बायको, आणि तीही शेतात होती. कोटवाला दार ढकलून आत गेला. दार आतून लागलं नाही, नुसतं लोटलं गेलं.

ती ओरडली, "चोर! धावा वं, चोर!"

चतुराबाईच्या दाराआडून उत्तर आलं, "गप बस वं गोजरे. देवीवाला हाये तो."

छत्रीवाला हसला. त्याला गल्लीची रीत पाठ होती. आतून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला आणि मग काहीच आला नाही. ते काहीच न येणं गोजराबाईला सहन होईना. उठून जावं तर गुडघे, गेलीच तर दारात छत्रीवाला. सगळ्या गल्लीची माहिती डोक्यात असलेल्या त्या बाईला एकच गोष्ट सुचत नव्हती, की या बंद दारांतून बायांना बाहेर काढायचं कसं.

मग तिला सुचलं. ती छातीतला सगळा वारा लावून ओरडली, "रामीबाई! देवीवाल्यानं पोट्टं धरलं वं! प्रयागच्या घरात नेलं!"

कोणाचं पोट्टं, हे विचारायला कोणी थांबलं नाही. प्रत्येकीला ते आपलंच वाटलं. जिनं आपलं काखेत घट्ट धरलं होतं तिलासुद्धा दुसरं आठवलं. कड्या निघाल्या आणि गल्लीत मुसळं, फुंकण्या, भाकरी उलथायचे सराटे यांचा लोट आला. छत्रीवाल्यानं एकदा पाहिलं आणि छत्री टाकून तळ्याच्या दिशेनं पळाला. बाया आत घुसल्या. चतुराबाई पुढं होती, कारण जावयावर तिचा हात बसला होता.

कोटवाला मार खात ओरडला, "मी सरकारी मानूस हाओ! तुमी साऱ्याच जेलात जासान!"

मुसळं हवेत थांबली. खोलीत धरून आणलेलं लेकरू कुठंच नव्हतं. रामीबाईनं आपल्या काखेतल्या पोराकडं पाहिलं. सरकारी माणसाला मारलं म्हणजे काय होतं, ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांचे डोळे दाराकडं वळले. चौकटीला धरून गोजराबाई आत येत होती.

"हे काय करून बसली वं तू?" चतुराबाई म्हणाली. आवाज पार खाली आला होता.

गोजराबाई तिला बाजूला सारून पुढं झाली. ती खाटेशी गेली. प्रयागबाईच्या तोंडावर गोधडी होती. तिनं ती ओढली. म्हातारी हलली नाही. चेहरा काळानिळा, मानेवरून रक्ताचा ओघळ. गोजराबाईनं तिचे गाल थोपटले, नाव घेतलं, पुन्हा थोपटले.

मग प्रयागबाईच्या छातीत घरघरलं. तिला ठसका लागला. कितीतरी वेळानं शब्द फुटला.

"मूठ पाहा त्याची. बुगडी हाये माही."

चतुराबाईनं मूठ उघडली. उघडायला तिला दोघींची मदत लागली आणि एक सराटा. आत बुगडी होती, कानाच्या रक्तासकट. यानंतर खोलीत जे झालं ते पोलिसांनी लिहून घेतलं नाही. त्यांनी फक्त इतकंच विचारलं, की आरोपी चालत येईल की बंडी आणायची.

रामीबाईनं जाता जाता गोजराबाईला गाठलं. "माह्या पोराले कोनं धरलं होतं वं?"

"तूच," गोजराबाई म्हणाली. "सोडू नको."

बायांनी प्रयागबाईच्या कानावर हळद दाबली, पाणी पाजलं आणि त्या एकेक करून घरी गेल्या. गोजराबाई तेवढी खाटेवर बसून राहिली. तिला जाता येत नव्हतं. शुद्धीवर आल्याबरोबर प्रयागबाईनं तिचं मनगट जे पकडलं होतं ते सुटायलाच तयार नव्हतं.

दिवेलागणीला इंद्रभान शेतातून धावत आला. आई झोपलेली, श्वास एकसारखा. त्यानं आईची बोटं हळूच सोडवून पाहिली. ती आणखी घट्ट झाली.

"राहू दे रे," गोजराबाई हलक्या आवाजात म्हणाली. "हाताले मुंग्या आल्या माह्या. तरी राहू दे. आता कुठं झोपली हाये."