बनियनवर बनियन

माझ्या हळदीला मी बनियन काढणार नाही, हे मी घरात आठ दिवस आधीच सांगून ठेवलं होतं. आई म्हणाली, बरं. वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, ठरलं.

हळदीच्या दिवशी मांडवात पाटावर बसलो. करवल्या हातपाय माखत होत्या. तेवढ्यात दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, मागून आले आणि दोन्ही हातांनी माझं बनियन वर ओढलं. आत दुसरं बनियन होतं, एक साइज लहान, छाती आवळून धरणारं. "आरं, ह्यानं तर दोन घातल्यात!" म्हणत त्यांनी तेही ओढून काढलं. माझे हात हळदीनं निसरडे झाले होते, धरता आलं नाही. मग दाजी मांडवाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले, "नीट बघून घ्या बरं का. उद्या अक्षता टाकताना घोळ नको. नवरी कोणती आन नवरदेव कोणता?"

मांडव हसला. बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पोरं शिट्ट्या मारून हसली. आबासुद्धा हसले. मी त्यांच्याकडंच बघत होतो, म्हणून मला पक्कं माहीत आहे.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांचा होतो. आज चौतिसावं संपत आलंय आणि तो हशा आठवला की अजून माझ्या कानशिलात रक्त चढतं. लोक म्हणतात राग गिळावा. मी गिळून बघितला. पचत नाही.

आठवीत माझा आवाज फुटला, मिसरूड दिसायला लागली आणि त्याच वर्षी छाती वाढायला लागली. आधी दोन्ही बाजूंना सुपारीएवढी गाठ आली, धक्का लागला तरी कळ यायची. वर्षभरात शर्टातून दिसायला लागलं. वर्गात मला 'मावशी' नाव पडलं. पोरांनी पाडलं त्याचं एवढं नाही, पोरं काय, पोरंच. पण कवायतीचे सरही मैदानावर सगळ्यांदेखत म्हणायचे, "मावशी, हळू पळा, पडाल." पगार घेणारा, शिकलेला माणूस. त्यांना कुणी विचारलं नाही की सर, असं का बोलता?

खरं सांगायचं तर मीही काही साधा नव्हतो. आमच्या वर्गात एक पोरगा बोलताना अडखळायचा. तो उभा राहिला की सगळ्यात आधी मी हसायचो, सगळ्यात मोठ्यानं. तेवढा वेळ माझ्याकडं कुणी बघत नसे. त्या पोराचं पुढं काय झालं मला माहीत नाही. माझ्या रागाच्या यादीत एक नाव माझंही आहे, ते मी खोडत नाही.

ज्याला त्याला एकच उपाय माहीत होता. व्यायाम कर. तालमीत जायचं तर अंगावर लंगोटाशिवाय काही नसतं, म्हणून मी गोठ्यामागं, दिवस उगवायच्या आत, शर्ट घालून जोर मारायचो. पन्नास, शंभर, दीडशे. पहाटे हायवेच्या कडेनं पळायचो. दूध सोडलं, भात सोडला, लग्नाच्या पंगतीत गोड सोडलं. कुणी सांगितलं म्हणून महिनाभर कसल्यातरी पाल्याचा लेप लावला, त्यानं नुसते फोड आले. पोट आत गेलं, दंड भरले, मान जाड झाली. छाती तिथंच. उलट पोट गेल्यावर ती जास्तच उठून दिसायला लागली. मला वाटायचं, आपणच कुठंतरी कमी पडतोय. आपल्यातच आळस आहे.

चौसाळ्याला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. शेतातल्या विहिरीवरची, बोअरची मोटार जळाली की माझ्याकडं येते. मी जळकी तार काढतो, नवी तांब्याची तार गुंडाळतो, व्हार्निश देऊन सुकवतो. पत्र्याचं शेड. एप्रिल-मेमध्ये आत उभं राहवत नाही. आजूबाजूचे दुकानदार उघड्यानं बसतात. मी आत घट्ट बनियन, वर दुसरं बनियन, वर जाड खिशांचा शर्ट. खिसे छातीवर पाहिजेत, म्हणजे आकार झाकतो. एवढं सगळं मी कापड घेताना शिंप्याला न सांगता सांगायला शिकलो होतो. घामोळ्यांनी अंग सोलून निघायचं.

बायकोनं लग्नानंतर दोन-तीन महिन्यांनी विचारलं, "अहो, एवढ्या उन्हात दोन-दोन बनियन कावून घालता?"

"सवय हाय," मी म्हणालो.

"झोपतानाबी?"

मी कूस बदलली. तिनं पुन्हा विचारलं नाही. हळदीची गोष्ट तिच्यापर्यंत केव्हाच पोचली होती, हे मला फार उशिरा कळलं.

दाजींशी मी त्या दिवसापासून बोललो नाही. त्याचा फटका बसला बहिणीला. राखीला ती एकटी यायची, घाईनं ओवाळायची आणि डोळे पुसत एसटीला जायची. "त्यांनी मस्करी केली रे," एकदा ती म्हणाली. मी म्हणालो, "मग त्यांना म्हणावं, येऊन तेवढं तोंडानं म्हणा." ते आले नाहीत.

दीड वर्षापूर्वी शाळेतला एक जण दुकानात आला. सात-आठ गिऱ्हाइकं बसली होती. तो दारातूनच ओरडला, "मावशी, झाली का माझी मोटार बे?" वीस वर्षं झाली होती त्या नावाला. माझ्या हातात लाकडी मोगरी होती. ती खाली ठेवायचं सुचलं, एवढंच त्याचं नशीब. मी त्याला अशी थोबाडीत दिली की तो बाहेरच्या व्हार्निशच्या डब्यावर जाऊन पडला. लोकांनी मला धरलं. तो आश्चर्यानं बघत होता, खरंच आश्चर्यानं. "आरं, लाडानं म्हणलं," तो म्हणाला.

घरी बायकोला सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आज एकाला मारलं. असे किती जणाला मारणार? त्यापरीस डॉक्टरला दाखवा. याचं ऑपरेशन असतंय. मी मोबाईलवर बघितलंय."

"तुला नको वाटतंय का माझं अंग?"

"मला काय बी वाटत न्हाई," ती चिडून म्हणाली. "तुमी पाच वर्षं माझ्यासमोर शर्ट काढला न्हाई. मला त्याचा राग हाय."

म्हणून संभाजीनगरच्या एका खासगी क्लिनिकमध्ये गेलो. गारेगार हॉल, भिंतीवर डोकी नसलेल्या माणसांचे फोटो, ऑपरेशनच्या आधी आणि नंतर. डॉक्टर दोन मिनिटं आले, मला उभं करून समोरून, बाजूनं मोबाईलवर फोटो काढले आणि गेले. कशामुळं झालं, कधीपासून आहे, एक शब्द विचारला नाही. मग कोट घातलेली एक मुलगी फाईल घेऊन बसली. पोटाचंही सोबत करून घ्या म्हणाली. मला पोट नव्हतं. मी तसं सांगितलं तर गोड हसून म्हणाली, "सर, तुमचा कॉन्फिडन्स वाढेल. हे बायकांसारखं दिसणं एकदाचं बंद होईल."

मी उठलोच. दाजी मांडवात जे बोलले तेच ही बोलत होती, फक्त हिच्या डोक्यावर एसी होता. एसटीत बसून परत येताना ठरवलं, नाही करायचं. हसणारे हे, आणि कापून घ्यायचं मी? ज्यांच्या डोळ्यांना त्रास होतो त्यांनी डोळे कापून घ्यावेत. बायकोला हेच सांगितलं. ती म्हणाली, "बरं. मग उद्यापासून एकच बनियन घाला." मला ते जमलं नाही. वर्षभर मी दोन बनियन घालून स्वाभिमान सांभाळत होतो.

या उन्हाळ्यात साखळी-कप्पीला टांगलेली एक मोटार सटकली आणि माझ्या बरगडीवर आली. श्वास घेतला की कळ. बीडच्या सरकारी दवाखान्यात गेलो. सर्जन बाई होत्या, पन्नाशीच्या. त्यांनी शर्ट काढायला सांगितलं. मी म्हणालो, वरूनच बघा.

"शर्टावरून बरगडी दिसत असती तर मी घरी बसूनच बघितली असती," त्या म्हणाल्या. "काढा."

मी काढला. मग एक बनियन. मग दुसरं. त्या हसल्या नाहीत. बरगडी दाबून बघितली, मोडलेली नव्हती, नुसता मार होता. मग म्हणाल्या, "हे कधीपासून?"

"आठवीपासून."

त्यांनी दोन बोटांनी तपासलं. औषधं कोणती घेता, दारू पिता का, मूल आहे का, सगळं विचारलं. मला एक मुलगी आहे, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "ही चरबी नाही. ही ग्रंथी आहे. वयात येताना बऱ्याच मुलांना होतं. बहुतेकांचं आपोआप जातं, काहींचं राहतं. तुमचं राहिलं."

"व्यायामानं?"

"व्यायामानं चरबी जाते. ग्रंथी जात नाही. तुम्ही दिवसभर जोर मारले असते तरी गेली नसती."

गोठ्यामागची ती सगळी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर आली. मी जवळजवळ ओरडलोच, "मग हे मला आधी कुणी कावून सांगितलं न्हाई?"

"आधी कुणाला दाखवलं होतं?"

क्लिनिकवाल्यानं फोटो काढले होते, त्याला दाखवणं म्हणत नाहीत. त्याच्याआधी कुणालाच नाही. आईनं बघितलं होतं, आबांनी बघितलं होतं, सरांनी, अख्ख्या मांडवानं बघितलं होतं. डॉक्टरकडं नेलं नाही कुणी. जनावर लंगडायला लागलं की आमच्याकडं त्याच दिवशी डॉक्टर येतो.

बाईंनी सगळं सरळ सांगितलं. रक्त तपासू, सोनोग्राफी करू, दुसरं काही नाही याची खात्री करू. ऑपरेशन केलंच पाहिजे असं नाही, हा जिवावरचा आजार नाही. व्रण राहील, थोडी बधिरता येईल, दोन्ही बाजू अगदी सारख्या होतील याची हमी नाही. "घरी जाऊन ठरवा," त्या म्हणाल्या.

मी घरी जाऊन आबांसमोर बसलो. ते ओसरीवर तंबाखू मळत होते. ऑपरेशनचं सांगितलं. ते म्हणाले, "एवढं वय झालं, लेकरू झालं, आता काय करायचंय? लोक काय म्हणतील?"

"लोक जे म्हणायचं ते वीस वर्षांपासून म्हणतेत. आबा, हळदीत तुमी कावून हसलात?"

त्यांचा मळणारा अंगठा थांबला. मग म्हणाले, "सगळे हसले. म्या उठून भांडलो असतो तर तुझं लग्न बिघडलं असतं. हसण्यावारी नेलं की मिटतंय, असं वाटलं."

"मिटलं का?"

"न्हाई," ते म्हणाले. माफी त्यांनी मागितली नाही, त्यांच्या पिढीला ते शब्दच येत नाहीत. पण ऑपरेशनच्या दिवशी ते दवाखान्याच्या बाकावर सकाळपासून उपाशी बसून होते, असं बायकोनं सांगितलं. माझा राग त्यानं कमी झाला का? थोडा. सगळा नाही.

ऑपरेशन करायचं मी का ठरवलं, हे मला विचारलं तर उत्तर साधं आहे. मला उकडत होतं. मला माझ्या बायकोशेजारी उघड्या अंगानं झोपायचं होतं. लोकांच्या हसण्यापायी करायचं नाही, हे जसं खरं, तसंच लोकांवरच्या रागापायी टाळायचं नाही, हेही खरं. दोन्हीकडून अंगावर मालकी त्यांचीच राहत होती.

शुद्धीवर आलो तेव्हा छातीला घट्ट पट्टा आवळलेला. दुसऱ्या दिवशी बाई तपासायला आल्या. मी विचारलं, काय निघालं? त्या म्हणाल्या, तपासणीला पाठवायचंय, बघायचं असेल तर बघा. नर्सनं बाटली आणली. औषधाच्या पाण्यात पांढरट, चिवट दोन तुकडे. लिंबाच्या फोडीएवढे. एवढेसे. मला वाटलं होतं, आता मोकळं वाटेल. मला इतका संताप आला की टाके ओढायला लागले. एवढ्याशा दोन तुकड्यांसाठी माझं पोहणं गेलं, जत्रेतली कुस्ती गेली, बहिणीचं माहेर गेलं, सात वर्षं बायकोपासून अंग चोरून झोपलो. रडू आलं. नर्सला वाटलं दुखतंय, तिनं इंजेक्शन दिलं.

तपासणीत वाईट काही निघालं नाही. महिना-दीड महिना पट्टा होता, जड उचलायचं नव्हतं, बायको दुकानात येऊन बसायची. आता डाव्या बाजूला थोडा खड्डा आहे, उजवीकडं अजून बधिर आहे. मी पातळ सुती शर्ट घालतो, आत काही नाही. पहिल्या दिवशी शेडमध्ये वारा पाठीतून शिरून पुढून निघाला, तेव्हा हातातलं काम सोडून मी नुसता उभा राहिलो.

परवा एक जुना मित्र मोटार घेऊन आला. ऑपरेशनचं त्याला कळलं होतं. त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि मनापासून, अगदी प्रेमानं म्हणाला, "लई चांगलं केलंस बे. आता माणसात आलास."

मी म्हणालो, "मी माणसातच होतो."

त्याला कळलं नाही. तो हसला. मी त्याची मोटार उचलून परत त्याच्या गाडीवर ठेवली, दोरी बांधून दिली आणि सांगितलं, दुसरीकडं भरून घे.